निर्यातीचा माल

ये, बूड टेक इथं, खालून जाळ घातलाय, जमीन मस्त तापलीय. तुला एक गोष्ट सांगतो. प्रेमाचीच आहे, पण ऐकून डोकं फिरलं तर मला बोल लावू नकोस. माझं अजून फिरतं.

लढाई संपून वीसेक वर्षं झाली होती. आमचं सोल शहर तेव्हा नुसतं धावत होतं. जिकडं बघावं तिकडं सिमेंट, आणि रेडिओवर एकच जप... निर्यात, निर्यात. आता आमच्याकडं विकायला होतं काय? केस. गावोगाव केसवाला फिरायचा, आयाबाया वेण्या कापून द्यायच्या, आणि कारखान्यातल्या पोरी त्यांचे टोप विणून अमेरिकेला धाडायच्या. ओक्बुन त्यातलीच एक. तिच्या आईनं डोक्याला फडकं बांधलं, ते केसवाल्याला वेणी दिली तेव्हापासूनच.

एका सुट्टीला ओक्बुन भाजलेलं रताळं खात जोंगनोच्या रस्त्यानं चालली होती. बर्फ भुरभुरत होतं. बघते तर फुटपाथवर दोरी ताणलेली, आत लांब केसांची पोरं कोंबलेली, आणि एक पोलीस एकेकाची मान वाकवून कात्री चालवतोय. पोरांनी केस वाढवले की देशाची संस्कृती बुडते म्हणे. भुकेनं माणसं मेली तेव्हा नाही बुडाली ती.

दोरीच्या आत, कडेलाच, एक उंच पोरगा उभा होता. किल्हो त्याचं नाव. केस खांद्यावर, काखेत गिटार. त्यानं तिच्याकडं बघितलं... आणि तिचं रताळं तोंडाशीच थांबलं.

"ओ बाई, हिला जरा धरता?" त्यानं गिटार पुढं केली. "हिच्या तारा लांब आहेत. साहेबांना आवडायच्या नाहीत."

तिला हसू आलं. पण तेवढ्यात त्याच्या डोक्यावर कात्री चालली, कपाळापासून मानेपर्यंत, शेतातून पाट काढावा तशी. किल्हो अजून हसतच होता. पोलिसानं केस बुटानं गटाराकडं लोटले.

ओक्बुनचं टाळकं सटकलं.

"साहेब, ते केस मला द्या."

"कचरा आहे तो."

"माझ्या आईनं दिले तेव्हा देशाची दौलत होते. ह्याच्या डोक्यावरून उतरले की कचरा?"

"ने बाई, आणि तोंड आवर."

तिनं मफलर पसरला आणि सगळ्याच पोरांचे केस त्यात गोळा केले.

मग टपरीवर दोघं गरम रस्सा पीत बसली. "शनिवारी कॅफेत माझं पहिलं गाणं होतं," किल्हो म्हणाला. "मालक आधीच बोललाय, टकल्या गवयाला कोण ऐकणार. संपलं सगळं."

"डोकं वाकवा."

"का?"

तिनं मफलरचा दोरा काढला नि त्याच्या डोक्याभोवती धरला. तिची बोटं गार... त्याचे कान लाल.

"इतक्या जवळून... लग्नाचं माप घेताय का?"

"हलू नका. वाकडा बसेल."

"कोण, नवरा?"

"टोप," ती म्हणाली, पण दोरा तिच्या हातून सुटलाच.

शिफ्ट सुटली की ओक्बुन खोलीवर बसून एकेक केस जाळीत ओवायची. शनिवारी तो टोप घालून किल्हो कॅफेत उभा राहिला. त्यानं पहिली तार छेडली, आणि दारातून तोच पोलीस आत आला. सरळ पुढं गेला आणि केसांना हिसका दिला.

टोप त्याच्या मुठीत आला.

ओक्बुन उठली. "सांभाळून, साहेब. निर्यातीचा माल आहे."

त्या शब्दाचा दरारा काय होता, तुला सांगून कळायचं नाही. पोलिसानं पटकन मूठ सोडली, टोप दोन्ही हातांवर घेतला, तान्हं मूल धरावं तसा.

"केस वाढवले तर गुन्हा," ती म्हणाली, "विणले तर नाही ना? टेबलावर ठेवा. उलटा नको."

त्यानं ठेवला, आणि मान खाली घालून गेला.

किल्होनं टोप पुन्हा घातला नाही. ते तसलं डोकं घेऊनच गायला लागला. मागच्या बाकावरच्या एका पोरानं टोपी काढली. डोकं भादरलेलं. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. दोरीतलीच पोरं ती. मालक काय बोलणार होता?

गाणं झाल्यावर दोघं बर्फात चालत होती.

"पुन्हा वाढवणार?" तिनं विचारलं.

"वाढवणार. पण कापायचे झाले तर... तू काप. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

"किती दिवस असे कापायचे मी?"

"केस काय, जन्मभर वाढतात," तो म्हणाला.

मफलरचं एक टोक तिनं त्याच्या उघड्या डोक्यावर टाकलं.

तर बाळा, उद्या कुणी तुझ्यापुढं देश कसा उभा राहिला याचं भाषण ठोकलं, तर ऐकून घे. पण संपलं की माझ्यासाठी उठून एवढंच विचार... केस कुणाचे होते?