डावी अर्धशिशी, उजवी अर्धशिशी

पाथरीच्या स्टँडवर मनकर्णा डाव्या डोळ्यावर पदर दाबून बसली होती. समोरची एसटी अर्धीच दिसत होती, बाकी सगळा नागमोडी उजेड...

"अर्धशिशी?" शेजारी बसलेल्या तरुणानं विचारलं. "कोणती बाजू?"

"डावी."

"माझी उजवी. दोघांचं मिळून एक अख्खं डोकं दुखतंय म्हणा की."

असल्या दुखण्यात हसू येऊ नये, पण आलं. त्यानं गोळी दिली, आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. "चमकायला लागलं की लगेच घ्यायची. ठणका लागल्यावर पोटात राहत न्हाई."

"सगळ्याच आजाऱ्यांशी इतकं गोड बोलता?"

"न्हाई... लय कमी जणींशी."

घर येईपर्यंत डोकं दुखायचं थांबलं होतं आणि दुसरंच काही सुरू झालं होतं.

बोरीच्या अलीकडं एका खेड्यात ती शिकवायची. सोमवारी तोच तिथं विज्ञानाचा मास्तर म्हणून हजर झाला. आश्रुबा वाव्हळे. आडनाव ऐकून शिक्षकांनी आपापल्या खुर्च्या सरकवून घेतल्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटलेली. बौद्ध मास्तराच्या तांब्याला कुणी शिवेना. मनकर्णा मात्र पाटलाची लेक असून व्हरांड्यात त्याच्याशी हसायची.

"आपल्या दोघांचं घरी कधी सांगायल्या?" तो विचारायचा.

"सांगते ना... वेळ बघून."

एके दुपारी हेडमास्तर भगवानरावांसमोर, सगळे बसलेले असताना, तिच्या डोळ्यापुढं चमकलं. आश्रुबानं ओळखलं. गोळी आणि तांब्या पुढं केला. सगळे बघायला लागले. तिनं गोळी हातात घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"घरी जाऊन घेते."

"पाथरीला तर पाणी घेतलं होतं," तो हळूच म्हणाला.

"तवा आडनाव कुठं माहीत होतं..."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. त्यानं तांब्या उचलला, स्वतःच प्याला. "उशिरा घेतल्यावर उपयोग नसतो, बाई." याआधी त्यानं तिला कधी बाई म्हटलं नव्हतं.

घरी आईनं सुंठेचा लेप लावला. गोळी घेतली, पण ती उलटीबरोबर बाहेर पडली. रात्रभर ती भिंतीला डोकं लावून रडली.

तो बदली मागून राणीसावरगावला गेला. निरोप घ्यायला आला नाही. त्याची एसटी वेशीबाहेर पडली, तेव्हा तिच्या डोळ्यापुढं पुन्हा चमकलं. या वेळी उजव्या, त्याच्या बाजूला. गोळी जवळ होती, पाणी भरलेलं होतं, वेळही होती.

तिनं घेतली नाही.