कट म्हणायचा हक्क

भयपट बघताना पॉपकॉर्न खायची सोय उरली नाही, म्हणून कोल्हापूरच्या ‘सावट’ चित्रगृहाचा कँटीनवाला रोज मालकाच्या नावाने खडे फोडायचा. त्याचं काही चूक नव्हतं. इथे पडदाच नव्हता. प्रेक्षक एकेका माणसापुरत्या बंद कुपीत बसायचा, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवरच्या पट्ट्यांवर टेकवायचा, आणि खेळ संपेपर्यंत ते उचलायचे नाहीत असा नियम होता. पट्ट्या त्याचा घाम, नाडी आणि श्वास मोजत. त्यावरून यंत्र पुढचं दृश्य तिथल्या तिथे रचून त्याच्या डोळ्यांपुढे उभं करी. कुणाला पालीची भीती, कुणाला मेलेल्या सासऱ्यांच्या खोकल्याची. तिकीट एकाच सिनेमाचं, पण जो तो आपापलं भूत बघून बाहेर पडे.

हे सगळं चालायचं नियंत्रण खोलीतून आणि तिथे शलाका वर्तक बसायची. खोलीचं दार तिने बिजागऱ्यांसकट काढायला लावलं होतं. एसीची हवा वाया जाते म्हणून मालक कुरकुरला होता, पण आवाजातली इतकी जाणती बाई त्याला दुसरी मिळाली नसती.

त्या रविवारी सकाळी यंत्राच्या नव्या आवृत्तीचा पहिला खेळ होता, आणि पहिला प्रेक्षक म्हणून मालकाने हेरंब दिघ्यांना बोलावलं होतं. मराठी भयपटांच्या दिग्दर्शनातलं मोठं नाव. सत्तरीतही ताठ, पांढराशुभ्र झब्बा-लेंगा. नियंत्रण खोलीत शिरताच त्यांनी शलाकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि यंत्र सांभाळणाऱ्या मुकादमांकडे वळले.

“हिला ओळखता का हो? माझ्या पेटाऱ्याच्या सीनमधली किंकाळी हिची. अशी किंकाळी अभिनयातून येत नाही. मी सेटिंगवाल्याला सांगितलं, पेटाऱ्याला खोटी कडी नको, खरी लाव. हिला पत्ताच नाही!” ते मनापासून हसले. “अगं, अजून बोलतात लोक त्या शॉटबद्दल.”

“ऐकते ना, सर,” शलाका म्हणाली.

ऐकत तर ती रोजच होती. ती किंकाळी जत्रेतल्या भूतबंगल्यात वाजायची, पोरांच्या मोबाइलमध्ये वाजायची. किंकाळीच्या आधीचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं, कारण ते डबिंगमध्ये पुसलं गेलं. पेटाऱ्यात श्वास कोंडल्यावर बावीस वर्षांची शलाका ओरडत होती, “कट! सर, कट करा!” बाहेर अख्खं युनिट उभं होतं. कुणी हललं नाही. कट दिग्दर्शकाने म्हणायचा असतो. नटाने म्हटलेला कट हा कट नसतो, हे सेटवर चहा देणाऱ्यालाही ठाऊक असतं. नंतर सेटिंगवाला रडकुंडीला येऊन म्हणाला होता, “ताई, सरांनी कट म्हटलंच नाही हो.” त्यानंतर तिला लिफ्टमध्ये पाय ठेवता येईना, न्हाणीघराचं दार लावता येईना. मेकअपच्या खोलीतही दार उघडं ठेवणाऱ्या नटीला कोण काम देणार? नटी म्हणून ती तिथेच संपली.

दिघे कुपीत बसले. आत प्रकाश जाऊ नये म्हणून कुपी बाहेरून बंद व्हायची. प्रेक्षक घाबरला तर त्याने “बस” म्हणायचं, की यंत्र लगेच थांबे. ती सोय शलाकाने सकाळीच बंद केली होती. मुकादमांना ते पडद्यावर दिसलं, तेव्हा ती म्हणाली, “सरांनाच तसं हवंय.” मुकादमांनी मान डोलावली.

खेळ सुरू झाला. शलाकासमोर भयालेख, म्हणजे भीतीची हिरवी रेघ, आडवी पसरली. दिघ्यांचा आवाज ध्वनिक्षेपकातून येऊ लागला. स्वारी खुशीत होती.

“अरे वा, कॅमेरा जमिनीलगत! म्हणजे बाई एकटी आणि घर मोठं. आता तिच्या खांद्यामागे जागा रिकामी सोडतील. प्रेक्षक बाईकडे बघतच नाही, त्या जागेकडे बघतो... सोडली! आता शांतता वाढवा, वाढवा, आणि मांजर टाका. हा खोटा धक्का. माणूस हसून सैल पडला, की लगेच खरा.” खरा धक्का आला. रेघ जागची हलली नाही. “छातीत घरघर होतेय. कानाला ऐकू येणार नाही इतका खालचा सूर लावलाय. शलाका, हे तुझं काम, शाबास! आता आरशाचं कपाट बंद करेल आणि मागे कुणीतरी... आलं!”

यंत्राने बाहुल्या आणल्या, लुकलुकणारा दिवा आणला, लहान मुलीचं गाणं आणलं. दिघे प्रत्येकाला नावं ठेवत गेले. मुकादम तोंडावर हात धरून हसत होते. शलाकाने मात्र रेघेवरून डोळे काढले नाहीत. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली, तो माणूस गाद्या-गिरद्यांवर बसल्यासारखा आत बसला होता.

मग तिला दिसलं. एखादा शॉट दिघ्यांच्या अंदाजापेक्षा जरासा लांबला, की रेघेला बारीक टेंगूळ येत होतं. यंत्राच्या ते आधीच ध्यानात आलं असावं. कारण त्याने भुतं काढून टाकली, मग संगीत, शेवटी ती बाईसुद्धा. उरली एक खोली आणि तिचं बंद दार. कॅमेरा त्या दारावर स्थिर.

“हं. आता दार उघडणार,” दिघे म्हणाले.

उघडलं नाही.

“बरं, मग मागून काहीतरी.” मागूनही काही आलं नाही. “फार लांबला हा शॉट. कोण धरून बसलंय?”

रेघ चढू लागली. जन्मभर प्रत्येक शॉट कुठे संपणार हे या माणसाने ठरवलं होतं. संपवणं आपल्या हातात नाही, ही गोष्ट त्याला आज पहिल्यांदा कळत होती.

“बस,” ते म्हणाले. दार तसंच राहिलं. “बस म्हटलं ना मी! ऐकू येत नाही का?” आणि मग, घशाच्या तळातून, “कट! कट करा!”

कुपीवर आतून धपाधप लाथा बसू लागल्या. मुकादम उभे राहिले होते. त्यांचे हात अर्धवट उचललेले, नजर शलाकाच्या तोंडाकडे. शलाका ऐकत होती. तिला बरं वाटत होतं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. नाडीचा आकडा धोक्याच्या खुणेपाशी गेला. तिने खुणेकडे डोळे लावले आणि हात मांडीवरच ठेवला.

शेवटी दिघे किंचाळले. त्यात शब्द नव्हता, नाव नव्हतं. तेवढं पुरतं ऐकून घेऊन शलाकाने लाल कळ दाबली आणि माइकमध्ये म्हणाली, “कट.”

कुपी उघडली. दिघे नियंत्रण खोलीच्या उंबऱ्यापर्यंत भिंत धरून आले. लेंगा ओला झाला होता.

“तू... ऐकत होतीस?”

“हो, सर. पहिल्यापासून.”

दिघे वळले आणि एकेक पायरी चाचपत जिना उतरून गेले. माफी त्यांनी मागितली नाही आणि शलाकालाही ती नको होती. तिला वाटलं, संपलं एकदाचं. आज रात्री झोप लागेल.

मुकादमांनी कपाळ पुसलं. “लई लांबलं ओ म्याडम. मला वाटलं, म्हातारं जातंय आता.”

“मग थांबवलं का नाहीत?” शलाकाने सहज विचारलं. “लाल कळ तुमच्याही हाताशी आहे.”

“आता काय सांगायचं?” मुकादम ओशाळून हसले. “तुमी कट म्हणला नव्हता न्हवं.”

शलाकाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. माणूस भला होता. तिच्यासाठी घरून डबा आणायचा. पेटाऱ्याबाहेर उभी असलेली माणसंही भलीच होती. सगळी.

पडद्यावर यंत्राने नेहमीसारखी पुढच्या प्रेक्षकाच्या नावाची चौकट उघडली. शलाकाने खुर्ची पुढे ओढली आणि बोटं कळफलकावर ठेवली.

“मुकादम,” ती मान वर न करता म्हणाली, “तुमचं पूर्ण नाव काय हो?”