कड्यावरच्या तीन मेंढ्या

सप्टेंबरात डोंगरावरून सगळ्या मेंढ्या खाली आणल्या, तेव्हा आमची करडी आणि तिची दोन कोकरं सापडली नव्हती. जानेवारीत मासेमारीच्या होडीवरून कुणाला तरी ती फ्योर्डपलीकडच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीपलीकडच्या कड्यावर दिसली. जिवंत! चार महिने त्या खडकावर त्यांनी खाल्लं तरी काय?

दुसऱ्या दिवशी उजाडताच, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या हिवाळ्यात अकराच्या सुमाराला, आम्ही तिघं होडीने निघालो. मी, माझा नवरा केतिल आणि नणंद ग्रोआ. ग्रोआ गावात टपाल वाटते आणि दर मंगळवारी डोंगरात खड्डा खणून, बर्फ घसरण्याचा धोका आहे का ते बघायला त्याचे थर तपासते. केतिलला त्याची भारी गंमत वाटायची.

"आज खड्डाबिड्डा नको हं, ताई. जेमतेम पाच तास उजेड आहे."

"तू चाल रे. बडबड नको."

कड्याखाली एक रुंद, उभी घळ होती. तिच्यातून सरळ वर चढलं की अर्ध्या तासात मेंढ्या. तीन दिवस वाऱ्याने माथ्यावरचा बर्फ लोटून त्या घळीत भरला होता. वरून सगळं कसं गुळगुळीत! केतिलने घळीच्या तोंडाशी पाऊल टाकलं.

धप्प!

पायाखालचा बर्फ एकदम खाली बसला. बुटापासून एक बारीक चीर सरसर धावत गेली.

"थांब!" ग्रोआ ओरडली. "आलास तस्साच मागे फिर."

तो आपल्याच पावलांवरून मागे आला. ग्रोआने बाजूच्या सपाटीवर फावडं मारलं. मी खड्ड्यात डोकावले. वर हातभर कडक बर्फ, फळीसारखा. त्याच्या खाली मात्र सुटे, चमचमणारे दाणे. मूठ भरून घेतली तर बोटांतून गळून गेले.

"अगं, ही तर साखर!"

"साखरच. नोव्हेंबरात बर्फाचा पातळ थर पडला आणि वर पंधरा दिवस कडाक्याची थंडी. त्यात याचे असे दाणे झाले. एकमेकांना धरतच नाहीत."

तिने करवतीने बर्फाचा एक चौकोनी खांब कापून सुटा केला, त्यावर फावडं आडवं ठेवलं आणि हलक्या हाताने थापा मारल्या. एक. दोन. तिसऱ्या थापेला वरची फळी घसरून तिच्या मांडीवर आली.

"एवढीशी वीट तर पडली!" केतिल कुरकुरला.

"ही वीट. तिकडे अख्खी भिंत उभी आहे."

मी दुर्बीण लावली. घळीच्या पश्चिमेच्या धारेवर काळे दगड उघडे पडले होते, मधूनमधून पिवळं गवत. वारा तिथे बर्फ टिकूच देत नव्हता. मेंढ्या जगल्या त्या यावर!

"मग आपणही तिथूनच जाऊ," ग्रोआ म्हणाली.

दोन तास लागले. दगडावरून दगडावर, एकामागून एक. माथ्यावर पोहोचलो तेव्हा मेंढ्या दहा पावलांवर होत्या. केतिलने एका कोकराला लोकरीला धरून पाडलं, मी दुसऱ्याला. करडी बिथरली. वळली, आणि थेट घळीत उतरली!

"करडे!" केतिल तिच्यामागे झेपावला. ग्रोआने त्याचा कमरेचा पट्टा पकडला आणि दोघं दगडांवर आपटले.

कडाड! माथ्याखाली आडवी चीर उघडली. घळीचा अर्धा भाग एकदम सुटला. फळ्या फुटल्या, उलटल्या, धुरळा उठला. कानात नुसती गर्जना! मग शांतता. आमचा खड्डा जिथे होता तिथे माणसाच्या उंचीचा ढिगारा.

"मी खाली जातो," केतिल म्हणाला. "ती ढिगाऱ्याच्या वरच कुठेतरी असेल."

"डावी बाजू अजून लटकतेय, केतिल." ग्रोआने त्याचा पट्टा अजून सोडला नव्हता. "मी तुला उकरून काढायला येणार नाही. मला ते जमणार नाही."

त्याने वाकून खाली पाहिलं. ढिगाऱ्यात काहीच हललं नाही. शेवटी त्याने एका कोकराला खांद्यावर घेतलं, मी दुसऱ्याला.

अंधार पडेपर्यंत आम्ही धार उतरलो. वाटेत केतिलने विचारलं,

"ताई, ती साखर आणखी कुठे कुठे असेल गं?"

"उत्तरेकडच्या सगळ्याच उतारांवर."

सकाळी मी गोठ्यात गेले. कोकरं गवत खात होती. केतिल तिथे नव्हता आणि भिंतीवरचं फावडंही नव्हतं. घरामागच्या, उत्तरेकडच्या उताराच्या पायथ्याशी तो कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून बर्फाचे दाणे तळहातावर घेऊन बघत होता. शेजारी ग्रोआ, वहीत लिहून घेत.