सोमनाथचा जेट

बाहेरचा दिवा मालव, तनय, आणि बस. इरा, तूही बस. जुन्या गाड्यांचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. दिवाकर माझ्या ओळखीतला. पंचवटीत राहतो, विमा कचेरीत नोकरी, पदरचं घालून सांगायची सवय नाही. त्याने मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

गेल्या दत्तजयंतीची आदली रात्र. दिवाकर महेशच्या गॅरेजवर गेला तो साध्या कामाला, मोटारसायकलच्या कार्बोरेटरला जेट बसवून घ्यायला. जेट म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा स्क्रू. गाडी त्याच्या धाकट्या भावाची, सोमनाथची. जुनी टू-स्ट्रोक. सोमनाथने हौसेने तिला मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावून घेतला होता, याच महेशकडून. आणि पहिल्याच फेरीत वणीच्या रस्त्यावर इंजिन जाम होऊन तो गेला. त्याला वर्ष होत आलं होतं. महेश तेव्हा सगळ्यांना सांगत फिरला, की जेट सोमनाथनेच निवडून आणला, जुन्या गाडीच्या जेटमधलं मला काय कळतं? आईने ते मानलं. दिवाकरने मानलं नाही, पण हाताशी काही नव्हतं. त्याने गाडी दुसरीकडून दुरुस्त करून घेतली आणि त्या रात्री महेशच्या दारात नेऊन उभी केली. कुठला जेट टाकायचा, एवढंच विचारलं.

महेशने पितळेचे दोन जेट काढले, हरभऱ्याएवढे. दिव्यासमोर धरून भोकं पाहिली आणि मोठ्या भोकाचा उचलला. सवयीने बोलूनही गेला, की सायलेन्सर मोकळा केला की इंजिन हवा जास्त ओढतं, मग पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. तेल पेट्रोलातूनच जातं, कमी पडलं तर पिस्टन तापून चिकटतो.

दिवाकरचं डोकं भणभणलं. याला सगळं कळत होतं.

"लहान बसव," तो म्हणाला.

"दादा, जाम होईल."

"सोमनाथला हे सांगितलं होतंस?"

महेश जेट बोटांत फिरवत राहिला.

"बसव. आणि चालव तू. मी मागे बसतो."

नाही म्हणणं म्हणजे कबूलच करणं. महेशला वाटलं, हळू नेऊ, म्हसरूळच्या पुढून परत फिरू. पण दिवाकरने फिरू दिलं नाही. दोन्ही हातांनी त्याचे खांदे आवळून तो मागे बसला होता, आणि वेग कमी झाला की कानाशी एकच शब्द बोलत होता. "ओढ." आपणही याच गाडीवर बसलोय, घरी बायको जेवायची थांबलीय, यातलं काही त्याच्या मनात नव्हतं. राग असाच असतो, पोरांनो.

दिंडोरी मागे पडली. टिपूर चांदणं. रस्ता मोकळा. थंडी अशी, की कान बधिर.

मग इंजिनाचा आवाज पातळ झाला.

टिण... टिण...

जळक्या तेलाचा वास आला. मागचं चाक एकदम अडकलं. गाडी आडवी जायला लागली. सोमनाथची गेली होती, तशीच.

क्लच दाबला तर चाक सुटतं. पण महेश गोठला होता. डावा हात क्लचवर नुसता ठेवलेला, बोटात सोन्याची अंगठी.

दिवाकरने पाहिलं. क्लच दाबला गेला. महेशच्या बोटांसकट.

चाक सुटलं. गाडी सरळ झाली, घरंगळत गेली, थांबली.

"दादा, हात सोड... दुखतोय."

दिवाकरचे दोन्ही हात महेशच्या खांद्यांवर होते.



क्लच आणखी आत गेला. महेश कळवळला. दिवाकरच्या अंगावर काटा आला, पण राग भीतीहून मोठा होता.

"खरं सांग."

"मीच टाकला," महेश रडत म्हणाला. "मोठा जेट दुकानात नव्हता. त्याला सांगितलंच नाही. वणीहून येईपर्यंत चालेल असं वाटलं..."



मग क्लच खट्कन सुटला.

दोघांनी गाडी ढकलत दिंडोरीपर्यंत आणली. सकाळी महेश सोमनाथच्या आईपुढे उभा राहिला आणि सगळं बोलला. तिने त्याला बस म्हटलं नाही. माफही केलं नाही, आजवर नाही. पण त्याचं सुजून काळं पडलेलं बोट तिला दिसलं, तेव्हा दिवाकरला म्हणाली, याची अंगठी आधी कापून आण, नाहीतर बोट जाईल. दिवाकर त्याला सराफ बाजारात घेऊन गेला. 

सोनाराने अंगठी कापली. हात कुठल्या यंत्रात सापडला, असं त्याने विचारलं. मग तुकडा भिंगाखाली धरून पाहिला. त्याने भिंग दिवाकरकडे सरकवलं.

सोनं बाहेरून चेपलं होतं. त्यावर बोटाचा ठसा होता. रेषान् रेष.