दरीतली सहातोंडी

आम्ही तिघं तिगावच्या पलीकडच्या डोंगरात एक बंदूक शोधायला निघालो होतो. ती माझ्या बाबांनी बनवली होती, वीरेंद्रच्या वडिलांची बोटं तिनं नेली होती, आणि असं का झालं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाबांना मरायचं नव्हतं. "मरायची घाई नाही मले," ते म्हणायचे, "पण गुडघे माह्या पहिलेच मरून राहिले."

बाबा म्हणजे दादाराव मिस्त्री. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये लेथवर त्यांची उमर गेली. मी त्यांची मुलगी मोनाली, नवा जिल्हा झाल्यापासून कलेक्टर ऑफिसात कारकून. वीरेंद्र हा हेमराजकाकांचा मुलगा. सौसरच्या रस्त्यावर त्यांची संत्र्याची बाग आहे. आमच्या दोन घरांत माझ्या बालवाडीच्या दिवसांपासून बोलणं नव्हतं.

बाबांना चमत्कारिक बंदुकांचं भारी वेड. जुन्या बंदुकांचे घोडे, स्प्रिंगा बसवून घ्यायला लोक त्यांच्याकडे यायचे, त्यातून त्यांच्या डोक्यात एकेक नमुने साठले होते. कुण्या मालगुजाराची म्हणे काठीत लपवलेली बंदूक होती. दिसायला ऐटदार, पण काठी टेकत चाललं की नळीत चिखल भरायचा, आणि खांद्याला लावायला दस्ताच नाही! दुसरं एक चार नळ्यांचं पिस्तूल, नळ्या पंजासारख्या पसरलेल्या. चौघांना एकदम मारायचं म्हणून केलेलं. पण चौघं नेमके त्या चार जागी उभे राहतील तेव्हा ना! हे सांगून बाबा पोट धरून हसायचे. आणि मग स्वतःच सहातोंडी बनवून बसले.

कारण होतं रानडुकरं. हेमराजकाकांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची भरमार होती, म्हणजे तोंडातून बारूद ठासायची एकनळी बंदूक. एक बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत बाकीचा कळप बाग उकरून मोकळा. दोघं जिवलग दोस्त. बाबांनी त्याच बंदुकीला लोखंडाची सहा भोकांची चरखी कातून बसवली. सहाही भोकं आधीच भरून ठेवायची. एक उडालं की हातानं चरखी फिरवायची, पुढचं भोक नळीमागे येतं. मोठी युक्ती! पण तिच्यात एक खोट होती. एक भोक उडताना त्याची ठिणगी शेजारच्या उघड्या तोंडात शिरली, तर तेही उडणार. आणि त्या तोंडांसमोर काय असतं? बंदूक पेलणारा डावा हात! म्हणून प्रत्येक तोंड मेणानं बंद करायचं, असं बाबांनी हेमराजकाकांना बजावून सांगितलं होतं.

मे महिन्यात दोघं चाचणी घ्यायला याच डोंगरातल्या दरीत गेले. पहिला बार सरळ गेला. दुसऱ्या वेळी तीन भोकं एकदम उडाली. हेमराजकाकांच्या डाव्या हाताची अंगठा सोडून सगळी बोटं गेली. बाबांनी बंदूक कपारीत फेकली आणि मित्राला पाठीवर घेऊन दरी चढून आले. गावात बोललं गेलं की मिस्त्रीनं चरखी वाकडी कातली. हेमराजकाका त्यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बाबांनी जिनिंगच्या कामाशिवाय लेथवर पुन्हा स्वतःचं असं काही केलं नाही. गेल्या साली हेमराजकाका वारले, तेव्हा बाबा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, कीवही आली होती.

आम्ही दरीत जाणार हे कळल्यावर वीरेंद्र आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "मीबी येतो, मिस्त्री. माह्या बापाचा हात कोण्या लोखंडानं खाल्ला, मले पाह्याचं आहे."

"ये," बाबा म्हणाले. "डबा घेऊन ये."

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळच्या गाडीनं तिगावला उतरलो आणि रूळ सोडून सागाच्या रानात शिरलो. सागाची पानं अजून हिरवी होती, घाणेरीनं वाटा बुजवल्या होत्या, आणि डोंगराच्या कुशीतून पाण्याचा आवाज येत होता. वीरेंद्र कोयत्यानं वाट करत पुढे, मधे बाबा, मागे मी. त्याच्या नखांत निळा रंग बसलेला होता. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर संत्र्याच्या बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा बोर्डो फासतात, त्याचा. तो बाबांशी बोलत नव्हता. जे सांगायचं ते मला सांगायचा: "तुह्या बाबाले म्हण, इथून घसरगुंडी आहे." बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे असताना! मला हसू येत होतं, पण हसले असते तर तो परत फिरला असता.

पहिला इंगा नाल्यानं दाखवला. उन्हाळ्यात कोरडा असणारा नाला कमरेच्या वर वाहत होता. वीरेंद्रनं पोहून पलीकडे जाऊन दोर बांधला. मी पार झाले. बाबा मधोमध आले आणि त्यांचा पाय शेवाळावरून सुटला! एक हात दोरावर, बाकी सगळं अंग पाण्यात! मी ओरडले. वीरेंद्रनं उडी घेतली, त्यांची बंडी मानेशी धरली आणि खेचत काठाला आणलं. बाबा खोकत होते, वीरेंद्र धापा टाकत होता.

"परत चला, बाबा," मी म्हटलं. "जे गेलं ते गेलं."

"मोनाली, तू ऑफिसातली फाइल अर्धी ठेवून घरी येतेस का?"

"रोज येते."

"म्हणून तं जिल्ह्याचं असं होऊन राहिलं," ते म्हणाले आणि उठले. वीरेंद्रच्या ओठांवर हसू आलं होतं; ते त्यानं चटकन पुसलं.

पुढे उभा कडा होता. मुळ्या धरत, गुडघे खरवडत उतरलो. एका ठिकाणी माझ्या पायाखालचा दगड निघाला आणि खाली किती वेळ आपटत गेला ते मी मुळी घट्ट धरून ऐकत राहिले. तळाशी काळा डोह होता, आणि डोहाच्या वर, पुरुषभर उंचीवर, एक आडवी कपार. बाबांनी न चुकता तिकडे बोट दाखवलं.

वीरेंद्र वर चढला. आधी हात घातला, मग खांद्यापर्यंत आत गेला. माती पडली, वटवाघळं उडाली. "सापडली!" त्याचा आवाज घुमला. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात तांबेरलेलं, कुजक्या दस्त्याचं लोखंड होतं. मधे चरखी. बाबांनी हात पुढे केला.

तेवढ्यात मागच्या घाणेरीत काहीतरी फुरफुरलं.

अस्वल! डोहावर पाण्याला आलेलं, आणि आम्ही नेमके त्याच्या वाटेवर. ते मागच्या पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा, लांब नखं. आम्हा तिघांच्या मागे कडा, बाजूला डोह! वीरेंद्रनं विचार केला नाही. बंदूक उचलून खांद्याला लावली, उजव्या हातानं गंजलेला घोडा ओढू लागला, आणि डावा हात नळीखाली, चरखीच्या पुढे.

"डावा हात काढ!" बाबा किंचाळले. "हेमराज, हात काढ!"

आणि हे पंचाहत्तरीचे गुडघे मेलेले गृहस्थ झेपावले! त्यांनी वीरेंद्रचा हात खाली ओढला, दोघं दगडांवर कोसळले, बंदूक खणकन बाजूला पडली. अस्वल दोन ढांगा पुढे आलं. मी खांद्यावरच्या पिशवीतून जेवणाचा स्टीलचा डबा ओढून काढला. मी तो खडकावर आपटला, आपटतच राहिले, आणि आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत त्या शिव्या त्या अस्वलाला दिल्या! ते थबकलं. नाक वर करून हुंगलं. मग कंटाळल्यागत वळलं आणि घाणेरी मोडत निघून गेलं.

बाबांनी वीरेंद्रचा डावा हात अजून दोन्ही हातांत घट्ट धरला होता. वीरेंद्रनं तो सोडवून घेतला नाही.

"काका," तो हळूच म्हणाला. मिस्त्री नाही, काका. "तुमी हेमराज म्हणाले."

"हात काढ, हे त्या दिवशी म्हणायले पाह्यजे होतं," बाबा म्हणाले. "तवा तोंडातून निंगालं नाही."

मग त्यांनी बंदूक मांडीवर घेतली, दंडुक्यासारखी नाही, आजारी पोर घेतात तशी. चरखीची चार भोकं रिकामी होती, उरलेली दोन अजून भरलेली. बाबांनी डोहाच्या पाण्यानं त्यांची तोंडं भिजवली आणि बोटानं माती हलकेच काढली. ते पिवळट मेण शोधत होते. मातीखालून निघालं काहीतरी निळसर पांढरं, वाळून कडक झालेलं, मधून तडकलेलं. त्या तड्यातून नख आत जात होतं.

बाबांना ते काय आहे कळेना. मलाही कळलं नाही. वीरेंद्रनं वाकून पाहिलं, मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

"हे तं बोर्डो आहे, काका."



"मेण उन्हात पाघळलं असन," वीरेंद्र कसंबसं म्हणाला. "मे महिना होता ना. मंग माह्या बापानं... झाडाच्या जखमेचं तोंड बंद कराचं तं आमी हेच लावतो. संत्रावाल्याच्या हाताले दुसरं काय सुचन?"

"आणि वाळला का तडकते," बाबा म्हणाले.

"तडकते."

मला आनंद व्हायला हवा होता. चरखी वाकडी नव्हती! माझ्या बापाचा लेथ खोटा नव्हता! ही बंदूक पांढुर्ण्याच्या बाजारात सगळ्यांसमोर नेऊन ठेवावी, ठाण्यात जमा करायच्या आधी एकेकाला बोलावून दाखवावी, असं माझ्या मनात उसळून आलं, आणि मी ते बोललेही.

"कोणाले दाखवतेस?" बाबा म्हणाले. "ज्याले दाखवाचं होतं तो गेला." मग म्हणाले, "आणि मीबी सुटलो नाही. ज्यात माणसाचे बोटं पाघळणाऱ्या मेणाच्या भरवशावर राह्यतात, ते हत्यार नाही. माणूस मेण विसरतेच, नाही तं बदलते. हे मले बनवायच्या आधी समजाले पाह्यजे होतं. मी त्या काठीवाल्याले हासत होतो."

त्यांनी बंदूक वीरेंद्रकडे दिली. तुझ्या बापाची आहे, तूच ठरव, असं. वीरेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. कलेक्टर ऑफिसातली कारकून म्हणून काय बोलायला हवं ते मला पाठ होतं. मी बोलले नाही. त्यानं सहातोंडी डोहाच्या मधोमध भिरकावली. ती लगेच बुडाली.

परतीच्या चढावर वीरेंद्रनं बाबांना पाठीवर घेतलं. बाबा आधी नको नको म्हणाले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. याच कड्यावरून ते एकदा हेमराजकाकांना असंच घेऊन चढले होते, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्र आम्हाला बागेत घेऊन गेला. या वेळी बाबा फाटकाच्या आत गेले. संत्र्याच्या ओळी लांबवर, प्रत्येक बुंधा गुडघ्यापर्यंत निळसर पांढरा. हेमराजकाकांच्या बायकोनं, पंचफुलाकाकूंनी, खाटेवर सतरंजी टाकली, चहा आणला. वीरेंद्रनं आईला सगळं सांगितलं. काकूंना धक्का बसेल, त्या चिडतील, अशी मला भीती होती. त्यांनी फक्त पदरानं कप पुसला आणि बाबांसमोर ठेवला.

"त्याइले मालूम होतं, दादारावभाऊ," त्या म्हणाल्या. "दरसाली एका हातानं बोर्डो लावत आणि मले दाखवत. पाह्य वं, वाळला का तडकते. झाडाले चालते, बाकी कायलेच चालत नाही. मी म्हणो, मंग जाऊन सांगा ना मिस्त्रीले. म्हणे, जातो. संत्रा निंगाला का जातो. पाऊस झाला का जातो."

बाबांनी हातातला कप बशीवर आदळला. चहा बशीत सांडला.

"मंग आला काहून नाही?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. त्या आवाजात राग होता, आणि तो फार जुना होता. "पाच कोसावर घर माहं! आला काहून नाही तो?"

काकू खाटेच्या पायाशी खाली बसल्या. त्यांनी बाबांकडे सरळ पाहिलं.

"तुमी काहून नाही आले, भाऊ?"

बशीतला चहा बाबांनी तसाच पिऊन टाकला आणि बाहेर जाऊन पहिल्या झाडाजवळ उभे राहिले. वीरेंद्र त्यांच्या मागे गेला. बादलीत कालवलेला बोर्डो अर्धा उरला होता. बाबांनी कुंचा मागून घेतला आणि बुंध्यावरची एक तडकलेली जागा पुन्हा सारवायला लागले.