कागदाचं अंथरूण

वागळे इस्टेटमधल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये कलाप्रदर्शनं भरू लागली, तेव्हापासून सगुणा तिथे देखरेखीला होती. वर्तकनगरातून डबा घेऊन यायची, स्टुलावर बसायची, कोणी वस्तूंना हात लावू नये एवढं बघायची.

त्या महिन्यात जपानच्या ओकुनोबाईंचं काम आलेलं. सगळं पांढऱ्या कागदाचं आणि सगळं मरणाचं. कागदाच्या अस्थी, भाताच्या वाडग्यात उभ्या खोवलेल्या जेवायच्या काड्या आणि मधोमध एक अंथरूण. उशीत डोक्याएवढा खळगा, त्यावर चेहरा झाकायचा रुमाल. रुमालाखाली कोणी नाही.

"उशी उत्तरेला का रे ठेवलीस?" सगुणाने नयनला विचारलं. मांडामांड त्याच्याकडे होती.

"त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला तसंच ठेवतात, मावशी. बाईंचे वडील वारले तेव्हा त्या परदेशात होत्या. तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून हेच करतात."

सगुणाचा नवरा परशुराम कोरोनात आपल्या पायांनी चालत अँब्युलन्समध्ये बसला होता. घरी आली ती राख. ती त्याचीच कशावरून, हे तिने कोणाला विचारलं नव्हतं. पण मनातून ते कधी गेलंही नव्हतं.

एका दुपारी वीज गेली. बघायला कोणी आलेलं नव्हतं. नयन जनरेटरवाल्याला शोधायला बाहेर पडला. पंखे थांबले. उन्हाने कडकडणारे पत्रेही गप्प झाले. मग वास आला. आधी फिनेलचा... आणि त्याखालून परशुरामच्या डोक्याच्या तेलाचा.

रुमाल खाली गेला. वर आला.

वारा नव्हता. शेजारच्या कागदी अस्थी जागच्या हलत नव्हत्या. फक्त रुमाल... सावकाश, धाप लागलेल्या माणसाच्या छातीसारखा.

सगुणाला पळावंसं वाटलं. पण रुमालाखालून येणारी ती घरघर तिच्या ओळखीची होती. वॉर्डातून आलेल्या शेवटच्या फोनवर तेवढीच ऐकू आली होती, शब्द नाही.

"अहो..."

रुमाल थांबला. कान देऊन ऐकावं तसा.

"अहो, मी आलेय."

अंथरुणाभोवतीची दोरी ओलांडून ती आत गेली, खाली बसली आणि तिने रुमाल उचलला. खळगा रिकामाच होता. तिने आत हात ठेवला. कागद कोमट लागला, वाढलेल्या दाढीसारखा खरखरीत. कपाळ, नाक, हनुवटी... बोटांना सगळं सापडत गेलं. तेव्हा कुठे ती मोकळेपणी रडली.

वीज आली तेव्हा नयन दारात उभा होता.

"मावशी, हात लावलात?"

"तोंड बघितलं रे," ती म्हणाली.



प्रदर्शन उतरवायच्या सकाळी टेम्पोवाला कमलेश दोन माणसं घेऊन आला. आणताना ते अंथरूण नयनने एकट्याने, तळहातांवर तोलत आणलेलं. आता तिघांना ते हलेना.

"चिकटलंय काय?"

चिकटलेलं नव्हतं. नयननेही चौथा कोपरा धरला. कमरेपर्यंत उचललं, पण भार पेलेना. शेवटी कोणी न सांगताच चौघांनी ते खांद्यावर घेतलं. सगुणाने चपला काढल्या आणि ती पुढे चालू लागली.

दाराबाहेर पडताच कमलेश थबकला.

"मावशी... हे कूस बदलतंय."

"ऊन लागलं असेल त्यांना," मागे न बघता सगुणा म्हणाली. "हळू चला."