आतून कडी नाही

तुरुंगातल्या दारांना कडी बाहेरूनच असते. बायकांच्या बराकीवर पंधरा वर्षं पहारा केला, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती मावशीनं. म्हणाली, "बाकी सगळं झकास आहे गं पोरी, फक्त आतून कडी नाही."

मावशी म्हणजे शिवणखात्यातली सगळ्यात म्हातारी कैदी. मला पोरी म्हणते आणि मी ऐकून घेते, काय करणार! तिच्या नवऱ्यानं घरातली आतली कडीच उपटून टाकली होती. मारायला यायचं तर अडथळा नको. एकवीस वर्षं तिनं पाठीनं दार रेटून धरलं. एक दिवस दार सुटलं, त्याचे हात गळ्याशी आले आणि तिच्या हाताला इस्त्री लागली. कोर्टानं विचारलं, घर सोडून का गेली नाहीस? झाली जन्मठेप.

परवा माझी लेक नेसत्या कपड्यांनिशी माहेरी आली. मनगटं काळीनिळी. उद्या येऊन फरफटत नेतो, असा जावयाचा फोन. आणि आमचं नशीब बघा, दाराला त्याच दिवशी हिरवा रंग दिलेला. रंगाऱ्यानं कडी काढून ठेवली आणि स्वारी गायब. मला रजा मिळेना. कैद्यांशी घरचं बोलायचं नसतं, पण मावशीसमोर मला रडू आवरेना.

तिनं टाका घालता घालता विचारलं, "दार आत उघडतं की बाहेर?"

"आत."

"मग बरं," म्हणाली.

काल अंग दुखतंय म्हणून ती एकटीच बराकीत राहिली. मी स्वतः कुलूप लावलं.

तीनला मोजणीसाठी कुलूप काढलं, तर दार हलेना. खांदा लावून ढकललं. पलीकडून कुणीतरी रेटत होतं.

"मावशी, मी आहे!"

आतून धापा टाकत आवाज आला. "थांब जरा, पोरी. अजून गेला नाही तो."

मी थांबले. का थांबले, सांगता यायचं नाही.

जरा वेळानं दार आपसूक उघडलं. मावशी भिंतीशी बसून घाम पुसत होती.

संध्याकाळी घरी गेले तर लेक हसत सामोरी आली. कितीतरी दिवसांनी हसली बाई माझी. तीनच्या सुमाराला तो आला, ही आतल्या खोलीत दडून बसली, त्यानं लाथा घातल्या, दार काही उघडलं नाही, शेवटी शिव्या देत निघून गेला. "आई, कडी बसवून घेतलीस ते बरं केलंस."

मी दाराकडे पाहिलं. स्क्रूची चार भोकं रिकामीच होती.

आज सकाळी मोजणीला मावशी माझ्यापुढून गेली. पांढऱ्या कपड्यावर, पाठभर, हिरवा रंग.

"रंगाऱ्याला लवकर बोलाव गं," ती हळूच म्हणाली. "रोज नाही झेपायचं मला."